कोरडं पाणी

गल्लीबोळांत तिला सगळे चौकशीबाई म्हणत. नेमणुकीच्या कागदावर तिचा हुद्दा ‘क्षेत्र मुलाखतकार’ असा भारदस्त होता, पण तो कुणाच्या जिभेवर बसला नाही. दारावर टकटक झाली की आतून विचारणा व्हायची, कोण आहे. मग खिडकीतून डोकावून कुणीतरी सांगायचं, ती चौकशीबाई आलीय. आणि मग एक उसासा. इतक्या वर्षांत त्या उसाशांतला फरकही तिला कळायला लागला होता. आजारी माणसाच्या घरातला उसासा लांब असायचा, निरोग्याच्या घरातला तुटक.

काम ऐकायला सोपं होतं. एका संशोधन संस्थेला शोधायचं होतं की मूत्राशयाचा कॅन्सर होणाऱ्यांच्या कामधंद्यांत काही सारखं सापडतं का. दवाखान्यांकडून आजाऱ्यांची नावं यायची. प्रत्येक आजाऱ्यामागे त्याच वयाचा, त्याच वस्तीतला, पण धडधाकट असा एक माणूस निवडला जायचा. दोघांनाही तेच प्रश्न. पहिली नोकरी कोणती, हाताला काय लागायचं, वास कसला यायचा, खिडकी होती का, हातमोजे होते का, सिगारेट किती ओढायचात. एखादी गोष्ट आजाऱ्यांच्या आयुष्यात धडधाकटांपेक्षा पुन्हा पुन्हा जास्त दिसली, तर तिच्यावर संशय घ्यायला जागा.

या अभ्यासाच्या प्रमुख एक डॉक्टर होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. कामाला लागली तेव्हाच मॅडमनी तिला बजावलं होतं की आजाऱ्याला आणि निरोग्याला एकाच आवाजात विचारायचं. एकाला कळवळून आणि दुसऱ्याला उरकून असं करायचं नाही. भुवईसुद्धा हलता कामा नये. तिने ते इतकं मनावर घेतलं की तो आवाज तिच्या घशात कायमचा मुक्कामाला आला. तिचा नवरा विजेचे मीटर वाचायचा. त्याचा गुडघा धरला आणि तो लंगडत घरी आला, तेव्हा तिने त्याला त्याच सपाट आवाजात विचारलं, दुखणं कधीपासून आहे, कशानं वाढतं, आधी कधी झालं होतं का. तो जिन्याच्या पायरीवर बसूनच म्हणाला, "अगं, मी नवरा आहे तुझा. मला एकदा नुसतं ‘अरेरे’ म्हण, मग बाकीचं विचार."

नवराबायको दोघंही दारोदार हिंडणारे. पण मीटर वाचून तो निघून यायचा, मीटर त्याच्यापाशी रडत नसे. हिच्यापाशी लोक रडत. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक गृहस्थ होता, त्याने उत्तरं देता देता तिचं मनगट धरलं आणि कशानं झालं ते तेवढं सांगा म्हणाला. तिने उत्तर दिलं की तेच ठरवायला आम्ही विचारत फिरतोय. तो म्हणाला, ठरेपर्यंत मी थांबतो. तो थांबला नाही; दुसऱ्या खेपेला दार त्याच्या मुलीने उघडलं.

धडधाकटांचं निराळं. मला काहीच झालेलं नाही, मग माझा जीव का खाता, हे वाक्य तिने इतकं ऐकलं होतं की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच तिला ते ऐकू यायचं. तुम्हाला काही झालेलं नाही म्हणूनच आले, असं ती समजावायची. एका न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा फिरवत सगळी उत्तरं दिली, आणि मध्ये मध्ये त्या गिऱ्हाइकानेही दिली. संध्याकाळी घरी आल्यावर ती चप्पल काढून तशीच बसून राहायची. पाय दुखायचे त्यापेक्षा कान जास्त दुखायचे.

तिची थोरली बहीण, आक्का, दोन वस्त्या पलीकडे राहायची. खाली दुकान, वर घर. दुकान कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं. भावोजींनी ते एका टेबलावर आणि एका इस्त्रीवर सुरू केलं होतं. साधे कपडे पाण्यात धुतले जायचे, पण कोट, शाली, रेशमी साड्या पाण्यात घालता येत नसत. त्यासाठी एक मोठं गोल दाराचं मशीन होतं, आणि त्यात पाण्याऐवजी एक रसायन घालायचे. दिसायला अगदी पाण्यासारखं, वासाला गोडसर, आणि कपड्यावरून कधी उडून गेलं ते कळतही नसे. भावोजी त्याला कोरडं पाणी म्हणायचे. मेहुणी दुकानात आली की हमखास विचारायचे, "काय मेहुणीबाई, घसा कोरडा पडलाय का? थोडं कोरडं पाणी देऊ?" विनोद जुना झाला होता, पण ते प्रत्येक वेळी नव्याने हसायचे, आणि ते हसतात म्हणून बाकीचे.

मशीनमधून कपडे काढताना दार उघडलं की तो गोड वास अंगावर यायचा. डोकं हलकं व्हायचं. आक्का म्हणायची, सवय होते. मशीनच्या आतली, कपड्यांचा कचरा अडवणारी जाळी साफ करायला भावोजी अर्धे आत वाकायचे, कमरेपासून वरचा माणूस दिसेनासा व्हायचा. हातमोजे होते, खिळ्याला टांगलेले होते.

भावोजींना लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा त्यांनी ते कितीतरी दिवस लपवलं. लाज वाटली असेल, किंवा भीती. आक्काला समजलं तेव्हा तिने बहिणीला निरोप पाठवला आणि बहिणीने जिना चढता चढताच ओळखलं. ज्या आजाराबद्दल ती लोकांच्या घरी विचारत फिरत होती, तो तिच्याच माणसाच्या घरी पथारी टाकून बसला होता. तिने भावोजींना काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला प्रश्न सुचेना.

भेटायच्या माणसांची नवी यादी आली, त्यात भावोजींचंही नाव होतं. ते येणारच होतं. तिने मॅडमना जाऊन सांगितलं की हे माझे मेहुणे आहेत, इथे मी जाऊ शकत नाही. मॅडमनी तिचा एक सहकारी पाठवला. उंच, वाकून चालणारा, अबोल माणूस. घरात शिरताना त्याने चौकटीला डोकं आपटलं आणि माफी चौकटीचीच मागितली.

मुलाखत वरच्या खोलीत झाली. आक्काने सोबतीला बोलावलेल्या चौकशीबाईला खाली थांबायचं होतं, म्हणून ती आक्काच्या जागी इस्त्रीला उभी राहिली. पण मधली जमीन लाकडी फळ्यांची होती, आणि वरचं सगळं खाली ऐकू येत होतं. भावोजींनी सिगारेटी कमी सांगितल्या. आक्काने त्यांना तिथल्या तिथे अडवलं आणि खरं सांगायला लावलं. नुसतं खरं नाही, वर चार जास्त सांगितल्या. मग सहकाऱ्याने मशीनबद्दल विचारलं. रोज चालायचं का, दार उघडं असताना वाफ यायची का, जाळी कोण साफ करायचं. भावोजी काही बोलायच्या आत आक्का म्हणाली, "मशीन काय, बहुतेक बंदच असतं. आमचं काम मुख्यतः इस्त्रीचं."

खाली इस्त्री धरलेला हात थांबला. मशीन बंद असलेला दिवस चौकशीबाईला आठवेना. तिला वाटलं, आक्का दुकानासाठी घाबरली असेल. उद्या कुणी येऊन टाळं लावलं तर खायचं काय. माणूस पोटासाठी खोटं बोलतो, त्यात काय एवढं. पण तिचं कामच असं होतं की ऐकलेलं न ऐकल्यासारखं करता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सांगितलं, मी घरात होते, मला ऐकू आलं, आणि जे सांगितलं गेलं ते मला माहीत असलेल्याशी जुळत नाही. काय जुळत नाही ते मॅडमनी विचारलंही नाही. मुलाखत घेताना घरात आपलंच माणूस होतं एवढं पुरे, ही मुलाखत वगळावी लागेल, असं म्हणून त्यांनी ती वगळली. इतक्या आजाऱ्यांत भावोजी नव्हतेच, असं झालं. त्यांना झालेला कॅन्सर कुठल्याही बेरजेत धरला गेला नाही. हे तिने आक्काला सांगितलं नाही. असलं बाहेर सांगायचं नसतं असं मॅडमही म्हणाल्या होत्या, आणि तिलाही सांगवलं नसतं.

भावोजी गेले. शेवटी शेवटी त्यांना कोरड्या पाण्याचा विनोद करायचंही सुचत नसे. दुकान आक्काने बंद केलं नाही. मशीनवर मात्र एक चादर टाकली आणि कोट, शाली घेऊन येणाऱ्यांना परत पाठवायला लागली.

अभ्यास पुढे चालूच राहिला. लोकांना वाटतं शास्त्रज्ञ म्हणजे नळीत काहीतरी हलवतात आणि रंग बदलला की ओरडतात. इथे ओरडण्यासारखं काहीच नव्हतं. उत्तरं तपासायची, जुळवायची, सिगारेटचा हिशेब बाजूला काढायचा, वयाचा बाजूला काढायचा, आणि काय उरतं ते बघायचं. आक्का भेटली की विचारायची, काही लागलं का. नाही अजून, असं ही सांगायची. मग विचारणं वर्षातून एकदोनदाच व्हायला लागलं, आणि तेही दुसरंतिसरं बोलता बोलता, ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं.

शेवटी मॅडमचा शोधनिबंध छापून आला. कपडे धुण्याच्या धंद्यात राबलेल्यांमध्ये हा आजार थोडा जास्त दिसत होता. थोडाच. एवढ्यावरून काही म्हणता येत नाही, असंही त्यातच लिहिलं होतं. इतकी दारं, इतके उसासे, आणि हाती आलं ते ‘थोडा’.

त्यानंतर बऱ्याच काळाने एक समिती बसली. ठिकठिकाणचे अभ्यासक, कुणी माणसांचे आजार मोजणारे, कुणी उंदरांवर प्रयोग केलेले, कुणी पेशीच्या आत काय बिघडतं ते बघणारे. त्या रसायनाने माणसाला कॅन्सर होऊ शकतो का, हे त्यांना ठरवायचं होतं. नवा प्रयोग करायचा नव्हता. जगात जेवढं छापून आलं होतं तेवढं सगळं वाचून, वाद घालून, एक शब्द निवडायचा होता. ‘निश्चित’, ‘बहुधा’, ‘कदाचित’, की ‘सांगता येत नाही’. बैठक संस्थेच्याच सभागृहात होती. मॅडमही समितीत होत्या, पण त्यांच्या स्वतःच्या अभ्यासाची पाळी आली की त्यांना उठून बाहेर जावं लागे. आपल्या पोराचा पेपर आपण तपासायचा नाही, असा तिथला नियम होता. म्हणून मुलाखती कशा झाल्या हे कुणी विचारलंच तर सांगायला चौकशीबाईला भिंतीलगतच्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं.

दिवसभर ती ऐकत राहिली. उंदरांना ते रसायन हुंगवलं होतं, त्यांच्या यकृतात गाठी आल्या होत्या. एकाच प्रयोगात नाही, निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयोगांत. त्याबद्दल फारसा वाद झाला नाही. उंदराच्या शरीरात होतं तसंच माणसाच्या शरीरात होतं का, यावर दुपारभर झाला. मग माणसांवरचे अभ्यास आले आणि मॅडम फाईल तिथेच ठेवून बाहेर गेल्या.

अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी तिला पुढे बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग विचारलं की दार वाजवताना आतलं माणूस आजारी आहे की नाही, हे तुम्हाला ठाऊक असायचं का.

तिला ठाऊक होतं हा प्रश्न कुठे जातो. हो म्हटलं की मॅडमच्या अभ्यासाचं वजन कमी होणार. मॅडमना काय वाटेल, आणि आक्काला काय सांगायचं, हे दोन्ही एकदमच तिच्या मनात आलं. पण अध्यक्षांनी तिला अगदी तिच्याच आवाजात विचारलं होतं, भुवई न हलवता, आणि त्या आवाजाला खोटं उत्तर द्यायला तिला जमेना.

"कागदावर लिहिलेलं नसायचं," ती म्हणाली. "पण दार उघडलं की कळायचं. उशाशी औषधं, घरात सगळे हळू बोलतायत. ते कसं लपणार?"

"मग विचारण्यात फरक पडायचा?"

"प्रश्न तेच. आवाजही तोच. पण आजारी माणूस उत्तर शोधत बसायचा, त्याला कारण हवं असायचं. निरोग्याला मी जायला हवी असायचे. आजारी माणूस आठवत असला की मी थांबायचे. निरोग्याकडे कुणी थांबू देत नाही." मग ती पुढे म्हणाली, "आणि काही जण आजारी असूनही झाकून सांगायचे. दोन्ही व्हायचं."

कुणी तिला दोष दिला नाही. एका बाईंनी तर मान हलवली. त्यांच्या अभ्यासातही तसंच झालं असणार. अध्यक्षांनी आभार मानले आणि तिने जागेवर जाऊन बसताना पाहिलं, सगळे लिहीत होते.

बैठक संपली तेव्हा माणसांमधला पुरावा ‘मर्यादित’ ठरला, जनावरांमधला ‘पुरेसा’, आणि दोन्ही मिळून शब्द निघाला ‘बहुधा’. मॅडमना तिने जिन्यातच गाठलं आणि आपण काय बोललो ते सांगितलं. मॅडम कठड्याला टेकल्या. त्यांचं वय एकदम दिसायला लागलं होतं. म्हणाल्या, हे मी निबंधात स्वतःच लिहिलंय, फक्त बारीक अक्षरात. तुम्ही मोठ्याने म्हणालात एवढंच. मग त्यांनी विचारलं घरी कशा जाणार, आणि रिक्षा मिळेपर्यंत तिच्याबरोबर उभ्या राहिल्या.

ती घरी गेली नाही. आक्काकडे गेली.

आक्का दुकानात पडदे इस्त्री करत होती. हिने दार लोटून घेतलं, स्टूल ओढलं आणि सांगितलं. जेवढं समजलं होतं तेवढं, सोपं करून. आक्काने सगळं ऐकून घेतलं, इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "म्हणजे झालं की नाही त्या पाण्यानं?"

"त्या पाण्यानं माणसाला कॅन्सर होऊ शकतो, बहुधा. असं ठरलं."

"बहुधा." आक्काने तो शब्द चघळून बघितला. "माझा नवरा काय बहुधा मेला?"

हिने समजावून बघितलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते ना, आक्का, तसं आहे हे. फांदी कावळ्यानं मोडली की ती आतून पोखरलेलीच होती, हे एका झाडाकडे बघून कळत नाही. खूप झाडं बघावी लागतात. कावळे बसले तिथे फांद्या जास्त मोडतात का, जास्त वेळ बसले तर जास्त मोडतात का. सगळं बघून फार तर एवढं म्हणता येतं, की कावळा फांदी मोडू शकतो. पण तुमच्या अंगणातली फांदी कुणी मोडली, ते कुणीच सांगू शकत नाही. भावोजी सिगारेट ओढायचे. त्यानं हा आजार होऊ शकतो हे तर पक्कंच आहे, त्यात बहुधाही नाही.

"सिगारेटनं झालं असेल ना मग?" आक्काने विचारलं.

आणि त्या विचारण्यात असं काही होतं की बहिणीने मान वर केली. इतकी वर्षं ती धरून चालली होती की आक्काला त्या रसायनावर खापर फोडायचंय. कुणीतरी म्हणावं, हो, तुझ्या नवऱ्याला धंद्यानं खाल्लं, म्हणजे रागवायला एक जागा मिळेल. आजारी माणसांच्या घरी बहुतेकांना तेच हवं असायचं. पण आक्काच्या आवाजात आशा होती.

"आक्का," ती म्हणाली, "तुला काय ऐकायचंय?"

हा प्रश्न तिच्या प्रश्नावलीत कधीच नव्हता.

आक्का खाली बसली, पडद्यांच्या ढिगावरच. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग हळूहळू सांगितलं. मशीन भावोजींना नको होतं. ते म्हणायचे, इस्त्री बरी आहे, दोन माणसांना पुरतं. हट्ट तिचा होता. समोरच्या रस्त्यावरच्या दुकानात तसलं मशीन आलं होतं आणि तिला ते बघवत नव्हतं. रुसून, न बोलून, दोन आठवडे स्वयंपाक अळणी करून तिने ते घ्यायला लावलं. आणि जाळी साफ करायला ती वाकायची नाही, कारण तिला मळमळायचं, ते वाकायचे.

"मला म्हणायचे, तुझं मशीन आणि माझी कंबर," आक्का म्हणाली. "तू तो वाकलेला माणूस पाठवलास ना विचारायला, त्याला मी खोटं सांगितलं. मशीन बंद असतं म्हटलं. यांच्यासमोर कबूल कसं करणार? ते बघत होते माझ्याकडे."

"मी खाली होते. ऐकलं मी."

"मग?"

मग हिने ते राहिलेलं सांगितलं, की ती मुलाखत त्याच वेळी बाजूला काढली, धरलीच नाही. आक्काला ते नीट समजायला वेळ लागला. तिच्या खोट्याने काही बिघडलं नाही, हे समजल्यावर तिचे खांदे जरा सैल पडले. आणि मग दुसरं समजलं.

"म्हणजे इतक्या लोकांत ते नव्हतेच?"

"नव्हते."

आक्का रडली नाही. फक्त म्हणाली की ते असते तर बरं वाटलं असतं, कुठल्या बाजूला धरले असते त्याची पर्वा नव्हती. मग म्हणाली, "मी कुणावर रागवू, धाकटे? सिगारेटवर रागवावं तर ते पाणी आहे. पाण्यावर रागवावं तर ते मी आणलेलं. आणि तुझे ते शहाणे लोक म्हणतात, बहुधा."

चौकशीबाईने तेव्हा तिला नुसतं ‘अगं’ म्हटलं आणि शेजारी बसली. मशीन तू आणलंस तेव्हा ते सगळ्या जगानं आणलं होतं, हे तिने सांगितलं. पण असल्या वाक्यांनी कुणाला बरं वाटत नाही, हेही तिला माहीत होतं. मग तिने आक्काला एक गोष्ट मात्र करायला लावली. तीही त्याच खोलीत, त्याच वासात राहिली होती. तपासणी करून घे, असा तिने हट्ट धरला. आक्काने नाही म्हटलं, मग आज नको म्हटलं, मग एका सकाळी स्वतःच साडी बदलून तयार राहिली. तपासणीत काही निघालं नाही. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, सध्या तरी ठीक आहे, दर वर्षी येत जा. या ‘सध्या तरी’वर आक्का रिक्षात बसून खूप वेळ हसली. म्हणाली, तुमच्यातला एकही माणूस पूर्ण वाक्य बोलत नाही.

त्या ‘बहुधा’ने पुढे काही गोष्टी केल्या, पण इतक्या सावकाश की कुणाला घाई नसेल तरच दिसाव्यात. तसलं वाफ बाहेर सोडणारं मशीन वापरायला बंदी येणार, असं वर्षभर बोललं गेलं आणि मग खरंच आली. बंद झाकणाची, वाफ बाहेर न सोडणारी मशीनं आली. समोरच्या रस्त्यावरच्या दुकानदाराने कुरकुरत एक घेतलं. जाळ्या साफ करायला ज्यांना आता वाकावं लागणार नव्हतं, त्या माणसांना आपण कशातून सुटलो हे कधी कळणार नव्हतं. मॅडम म्हणायच्या, आपल्या कामाचं फळ म्हणजे न झालेला आजार. त्याचा फोटो काढता येत नाही.

आक्काच्या मशीनला बंदी यायच्या आधी एक गिऱ्हाईक आलं होतं, लांबच्या गावचा माणूस. तिने चादर काढून त्याला मशीन दाखवलं, दार उघडून दाखवलं, आणि मग आपल्या नवऱ्याला काय झालं तेही सांगितलं. तो माणूस आल्या पावली परत गेला. शेवटी एका सकाळी भंगारवाले आले. चौकशीबाईने रजा घेतली होती. तिच्या नवऱ्यानेही दुखऱ्या गुडघ्याने येऊन वायरी काढून दिल्या आणि तो कामावर गेला. भंगारवाल्यांना आक्काने हातमोजे घालायला लावले, नाकाला फडकी बांधायला लावली, दार आणि खिडकी सताड उघडी ठेवली. आत अजून थोडा गोड वास होता. मशीन सुटं सुटं होऊन बाहेर गेलं, आणि भिंतीवर त्याच्या आकाराचा एक फिकट चौकोन तेवढा राहिला.

गाडी गेल्यावर दोघी बहिणी रिकाम्या जागेत फरशीवरच बसल्या. दुपार चढत होती. दुसऱ्या दिवसापासून चौकशीबाईला नव्या अभ्यासावर जायचं होतं, या खेपेला केस रंगवणाऱ्या दुकानांत. मॅडमची निवृत्ती जवळ आली होती, पण प्रश्न संपले नव्हते. आक्काने विचारलं की अजून किती वर्षं हिंडणार आहेस. पाय चालतील तोवर, ती म्हणाली. आक्का म्हणाली, पायांचं सोड, तुझा चेहरा बघ आरशात. आणि उशाला इस्त्रीच्या टेबलावरच्या कापडाची घडी देऊन तिला तिथेच आडवं व्हायला लावलं. थोड्या वेळाने तीही शेजारी आडवी झाली. दुकानाचं दार उघडंच होतं. एक बाई शर्ट घेऊन आली, दोघी झोपलेल्या बघून थांबली, आणि पिशवी टेबलावर ठेवून पाय न वाजवता निघून गेली.